अंगठा आणि करंगळी

सून एक वेळ उलट बोलली तर सोसता येतं, भाजीत मीठ विसरली तर वरून घेता येतं. पण सासूला न विचारता सासूच्याच नावानं भर चर्चमध्ये देवाचे आभार मानणारी सून सरूबाईनं सत्तर वर्षांत पाहिली नव्हती, आणि पाहिली ती आपल्याच घरात.

झालं ते असं. छावणीतल्या त्यांच्या मंडळीत जुनी चाल आहे. आठवड्यात कुणाच्या घरी देवानं काही बरं केलं असेल, तर त्यानं ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून आयतवारी दानाच्या पिशवीत टाकायचं. मग पाळकसाहेब एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचतात आणि सगळ्यांनी मिळून उपकारस्तुतीची प्रार्थना होते. त्या आयतवारी चार चिठ्ठ्या निघाल्या. एकाच्या मुलाला नोकरी लागली होती, एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं होतं, एकाच्या करमाडच्या बोअरला पाणी लागलं होतं. चौथी उघडून पाळकसाहेब जरा थांबले, चष्मा नीट केला आणि त्यांनी वाचलं, "श्रीमती सरूबाई मोतीराम पाटोळे आणि कुटुंब. मुलगा आकाश याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी देवानं राखली म्हणून उपकारस्तुती."

बायकांच्या बाजूची सगळी डोकी एकदम वळली. सरूबाईच्या कानशिलातून वाफ निघाली. अंगठा आणि करंगळी राखली म्हणे! मधली तीन बोटं मग कुणी नेली? ती काय उंदरानं खाल्ली? शेजारी प्रेरणा पदर सावरून, मान खाली घालून बसली होती, चेहरा असा की जसं हिनं काही केलंच नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, मंडळीनं डोळे मिटले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांच्या आडून सरूबाई उठली, मधल्या वाटेनं तरातरा चालत बाहेर आली, चपला पायात सरकवल्या आणि घरी गेली. चाळीस वर्षांत प्रार्थना अर्धी टाकून ती कधी उठली नव्हती. घरी पोचल्यावर बघते तर डाव्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल.

आकाश तिचा एकुलता एक. वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर चौदा वर्षं काम केलेला माणूस. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोकळा येतो, पत्र्याचं भांडं होतं. पाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या पाळीला पत्र्यासोबत उजवा हातही आत राहिला. मधली तीन बोटं मुळापासून गेली. जखम आता भरत आली होती, टाके निघाले होते, पण आकाश मात्र त्या दिवसापासून खाटेवरून उठला नव्हता म्हटलं तरी चालेल. मोरीपर्यंत जायचा, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

सरूबाईचा देवाशी जो उभा दावा होता तो याच्यावरून. तिचा नवरा मोतीराम रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यापासून दर संध्याकाळी सातला ती घरात प्रार्थना घ्यायची आणि तिच्यात एक वाक्य कधी चुकायचं नाही, "कामावर गेलेल्या माझ्या लेकराला सांभाळ." त्याही दिवशी सातला ती हेच म्हणाली. आठला हात गेला. तासाभरात विसरला देव? ती दुसऱ्या कुणासाठी नव्हे, स्वतःच्या पोटच्या गोळ्यासाठी रोज त्याच्या दारात उभी राहिलेली बाई. आणि आता त्याच दारात जाऊन, लई उपकार झाले म्हणायचं?

प्रेरणा चर्चमधून आली ती सासूची खरी चप्पल पिशवीत घालून घेऊन आली. ती दारात दिसताच सरूबाईनं विचारलं, "कशाचे आभार मानलेस गं?"

"अंगठ्याचे. आन् करंगळीचे."

"आन् तीन बोटांचं काय?"

"त्यांचं रडणं मी रोज करते, आत्याबाई. ते चिठ्ठीत लिहायचं नसतं."

"माझं नाव कुणाला इचारून घातलंस?"

"घरातलं मोठं नाव तुमचं. माझ्या एकटीच्या नावानं टाकली असती तर तुम्हीच म्हणला असता, मला वगळलं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच सरूबाईला आणखी झोंबलं. प्रेरणानं पिशवीतली चप्पल तिच्या पायाशी ठेवली आणि तितक्याच शांतपणे पुढचं बोलली. "पुढच्या आयतवारी प्रभुभोजन हाय. ह्यांना घेऊन जायचंय."

"त्या हातानं?"

"त्याच हातानं."

प्रभुभोजनाला वेदीपुढं गुडघे टेकायचे असतात. उजवा तळहात डाव्यावर ठेवून पुढं करायचा, पाळकसाहेब त्यावर भाकरीचा तुकडा ठेवतात. म्हणजे सगळ्या मंडळीला हात दिसणार. सरूबाईनं आजवर हा हात कुणाला दिसू दिला नव्हता. भेटायला कुणी आलं की पाणी विचारायच्या आधी ती टॉवेल उचलायची आणि आकाशच्या हातावर टाकायची. पाहुणे टॉवेलाकडे बघून हळहळायचे आणि चहा पिऊन जायचे. लेकाची अब्रू आपण झाकून धरली आहे, असं तिला वाटायचं.

"माझ्या लेकराचा तमाशा करायचा नाय," ती म्हणाली. प्रेरणानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं ही तिची दुसरी वाईट खोड.

तिसरी खोड शेंगांची. ही तर सरूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. नवऱ्याला स्वतःच्या हातानं चार घास भरवावेत, ते नाही. तिन्ही वेळा भरवायची ती आईनं. ही बाई काय करते? सकाळी बालवाडीत शिकवायला निघताना भुईमुगाच्या वाळक्या शेंगांची वाटी खाटेजवळ ठेवते. अख्ख्या शेंगा! ज्याच्या हाताला तीन बोटं नाहीत त्याच्यापुढं न सोललेल्या शेंगा! "डॉक्टरांनी सांगितलंय," एवढं एकदा म्हणाली होती. पुढचं सरूबाईनं ऐकूनच घेतलं नाही. प्रेरणाची पाठ वळली की ती खाटेजवळ बसायची, एकेक शेंग सोलून दाणे आकाशच्या तोंडात घालायची आणि टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकायची. संध्याकाळी प्रेरणा रिकामी वाटी बघायची, मग सासूकडे बघायची आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून ठेवायची.

वर आणखी हल्ली करंगळीला चिकटपट्टी लावून यायची. त्या पट्टीपायी भाकरी नीट थापता यायची नाही, कडा फाटायच्या. "पोरांना गाणी शिकवायला करंगळी लागती व्हय?" सरूबाईनं टोमणा मारला होता. तेव्हाही ही गप्प.

तो आठवडा सरूबाईला कुठं बूड टेकून बसू देईना. सोमवारी तिनं तांदूळ निवडले आणि तेच तांदूळ परत निवडले. मंगळवारी महिला मंडळाची बैठक होती, तिथं ती गेली नाही. मग आपल्याशिवाय बैठक कशी झाली म्हणून दिवसभर चरफडली. संध्याकाळी सात वाजले की प्रेरणा सतरंजी टाकायची. आकाश भिंतीकडे तोंड करून, प्रेरणा एकटी हळू आवाजात प्रार्थना म्हणतेय, आणि सरूबाई उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. आत बसावंसं वाटत नव्हतं आणि बाहेर जाववत नव्हतं. देवाशी अबोला धरायचा म्हटलं तरी तो समोर आहे असं धरूनच धरावा लागतो, याचीही तिला चीड आली.

बुधवारी ती शेजारच्या बिल्किसकडे गेली. बिल्किस साड्यांना फॉल-पिको करायची, तीस वर्षांची शेजारीण. मशीन न थांबवताच ती म्हणाली, "आओ सरूभाभी. आज कुणाचा नंबर?"

"कुणाचा असणार? आमच्या महाराणीचा." सरूबाईनं चिठ्ठीपासून शेंगांपर्यंत सगळं ओतलं. बिल्किसनं एक आख्खी साडी संपवली, धागा दातानं तोडला आणि विचारलं, "आकाश को खिलाता कौन है?"

"मी! दुसरं कोण?"

"मग तो हात कशाला हलवील?" बिल्किस म्हणाली. "हमारी अम्मा को लकवा हुआ था, याद है ना? मी पण अशीच भरवत होते. लाडानं. दोन वर्षं. मरेपर्यंत तिनं चमचा पकडला नाही. आज बी वाटतं मला, भाभी, वो पकड सकती थी."

"तुझी अम्मा नव्वदीची होती. माझा लेक अडतीसचा हाय."

"वही तो मैं बोल रही."

सरूबाई उठली. समोरचा चहा तिनं तसाच ठेवला. "साखर कमी हाय," ती म्हणाली, आणि निघाली.

शुक्रवारी सकाळी तोंड धुताना आकाश म्हणाला, "आई, प्रेरणा परवाला चर्चला चल म्हणती. मी नाय येणार. तू सांग तिला. माझं ती ऐकत नाय."

बस, सरूबाईला हेच हवं होतं. लेकाच्या तोंडचं वाक्य मिळालं. घरी सांगितलं तर ही मान खाली घालून ऐकून घेईल आणि करायचं तेच करील. हिला हिच्या बालवाडीतच, चार बायकांदेखत सुनावलं पाहिजे. लेकाला जेवण भरवून, शेंगा सोलून तोंडात घालून, पदर खोचून ती निघाली. छावणीतून रिक्षा, क्रांती चौकात उतरून दुसरी रिक्षा, पुंडलिकनगरपर्यंत. वाटभर ती वाक्यं घासत होती. एक वाक्य तर इतकं धारदार जमलं की रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. ती मोठ्यानं बोलली होती.

बालवाडी एका बंगल्याच्या खालच्या दोन खोल्यांत भरायची. दुपारचा दीड वाजला होता. मुलं घरी गेली होती, मदतनीस बाईही गेली होती. चार बायका काही नव्हत्या; सरूबाईचा अर्धा जोर तिथंच गेला. दार अर्धवट उघडं होतं. तिनं आत पाहिलं.

प्रेरणा मुलांच्या बुटक्या टेबलाशी जमिनीवर बसली होती. दाराकडे तिची कूस होती. तिनं आपल्या उजव्या हाताची मधली तीन बोटं तळव्यात दुमडून लाल रिबिनीनं करकचून बांधली होती. बाहेर फक्त अंगठा आणि करंगळी. पुढं शेंगांची वाटी.

सरूबाईला आधी कळेचना ही काय करतेय. प्रेरणानं अंगठा-करंगळीत एक शेंग धरली. निसटली. टेबलाखाली गेली. तिनं ती डाव्या हातानं उचलली नाही. डावा हात पाठीमागं धरला होता. वाकून, त्याच दोन बोटांनी, तीनदा पाडून चौथ्यांदा उचलली. चिमटीत दाबली. शेंग फुटेना, करंगळीच मागं वळायला लागली. तिनं हात झटकला, पट्टीवर फुंकर घातली, पुन्हा घेतली. आणि बारक्या पोराला समजवावं तशी स्वतःशीच बोलायला लागली, "नाय, मधी दाबायचं नाय. चोच. आधी चोच टेबलाला टेकवायची. करंगळीनं नुसतं धरायचं. जोर अंगठ्यानं द्यायचा. हां..."

कट्कन आवाज आला. दोन दाणे टेबलावर पडले.

"थँक्यू, प्रभू," प्रेरणा म्हणाली. पंगतीत कुणी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला तर म्हणावं, तितकं साधं. आणि लगेच दुसरी शेंग उचलली.

सरूबाई दारातून मागं सरली. वाटेत घासून आणलेली वाक्यं तिच्या तोंडात होती, ती गिळावीत की थुंकावीत ते कळेना. ती कुंपणाला धरून उभी राहिली. म्हणजे ती चिकटपट्टी ही होती. आणि ते "डॉक्टरांनी सांगितलंय" हे होतं. ही पोरगी रोज आपली धड बोटं बांधून नवऱ्याच्या हाताची वाट शोधत बसते, आणि वाट सापडली की घरी येऊन बघते तर काय, वाटी रिकामी. सासूनं सोललेली. किती वाट्या झाल्या असतील? सरूबाईनं मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या.

तिनं परतीची रिक्षा धरली.

घरी आकाशला डोळा लागला होता. हातावर टॉवेल. पाहुणा नसतानाही टॉवेल. तिनं टाकायचा आणि त्यानं पांघरायचा, सवयच पडून गेली होती. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा देवाशी तोंड उघडून बोलली. प्रार्थना नव्हे, भांडणच.

"तुला काय जातंय? मी सातला मागितलं, तू आठला नेलंस. वर ही पोरगी तुला थँक्यू म्हणती. तुला लाज नाय वाटत ऐकून घ्यायला? तुला काय कळायचं तीन बोटं जाणं म्हणजे काय. तुझं हात..."

तिथं तिची जीभ अडली.

त्याच्या हातांना काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं. दर गुड फ्रायडेला ती त्याला क्रुसावर ठोकलेल्या खिळ्यांवर रडत आली होती, आणि मनापासून रडत आली होती. पण रडून झालं की ती डोळे पुसून घरी यायची. तिसऱ्या दिवसाकडे तिनं कधी निरखून पाहिलं नव्हतं. तो मेलेल्यांतून उठला, तो खिळ्यांची भोकं घेऊनच उठला. ज्यानं मरण मागं टाकलं त्याला तळहाताची दोन भोकं बुजवणं काय जड होतं? नाही बुजवली. आपल्या माणसांत आला आणि पहिलं काम काय केलं, तर हात पुढं केले. बघा म्हणाला. त्याच्या आईनं त्या हातांवर टॉवेल टाकला नव्हता.

शांती वगैरे काही वाटली नाही तिला. चर्चमध्ये साक्ष देताना बायका म्हणतात तसं मन हलकं झालं नाही. उलट काहीतरी जड आपल्या हातात दिलंय आणि ते आता करावंच लागणार, असं वाटलं.

आतून हाक आली, "आई, जागा झालो गं. शेंगा हायेत का? सोलून दे ना."

ती गेली. पहिल्यांदा टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला.

"कुठं नेतीस?"

"धुवायला."

"आत्ताच?"

"पाच आठवडे झाले. वास मारतोय."

आकाशनं हात उशीखाली सरकवला. सरूबाईनं डब्यातल्या उरलेल्या शेंगा वाटीत घातल्या, वाटी जमिनीवर ठेवली आणि स्वतः खाली बसली. मग केसांची रिबीन सोडून दातांनी गाठ मारत तिनं आपल्या उजव्या हाताची तीन बोटं बांधायला घेतली. संधिवातानं बोटं नीट दुमडेनात, ती तोंडानं "हाय गं" करत बांधतच राहिली.

"आई, हे काय लावलंस?"

"खाली ये. तुझं अडतीस, माझं सत्तर. बघू कोण आधी सोलतं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"ते तर आधीपासून फिरलेलंच हाय. ये खाली."

तो खाली आला तो सोलायला नव्हे. वाटीला त्यानं पायानं असा तडाखा दिला की शेंगा पार मोरीपर्यंत गेल्या. "काय चाललंय तुमच्या दोघींचं? ती चिठ्ठ्या टाकती, तू खेळ करती! कशाचे आभार मानायचे? तुला माहीत तरी हाय का काय झालं ते?" त्याचा आवाज फाटला. "बटण मीच बांधलं होतं, आई."

"कसलं बटण?"

"दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाय. हात आत राहू नये म्हणूनच दोन असत्यात. पण काम उरकत नाय मग. म्हणून एक बटण दोरीनं दाबून बांधून ठेवायचं आन् एकाच हातानं चालवायचं. कुणी सांगितलं नव्हतं मला. दोरी माझी, गाठ माझी. देवानं नाय नेली बोटं. आन् तू पाच आठवडे त्याच्यावर रुसून बसलीस! मला कळत नाय व्हय, तू उंबऱ्यावर थांबतीस ते? मला रोज वाटतं सांगावं. तोंड नाय उघडत."

सरूबाई बांधल्या हातानं तशीच बसून राहिली. सगळा दोष तिनं एकाच्या नावावर मांडून ठेवला होता. आता तो उचलून कुठं ठेवावा तेच तिला समजेना. लेकाच्या माथी ठेवायची छाती नव्हती. मग ती बोलली ती आपण काय बोलतोय हे न समजून बोलली.

"दोरी तू बांधलीस?"

"व्हय."

"तरी बी त्यानं अंगठा ठेवला?"

आकाशनं आपल्या हाताकडे पाहिलं.

"मंग तर लईच केलं त्यानं," सरूबाई म्हणाली. "मला वाटत होतं, मी मागितलं आन् त्यानं कमी दिलं. तू तर आख्खा हात देऊन बसला होतास की रं बाबा."

हे ऐकून आकाश मटकन खाली बसला आणि रडला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा, गुडघ्यात डोकं घालून, लहानपणी पतंग तुटला की रडायचा तसा. सरूबाईचा हात त्याच्या डोक्याकडे गेला. बांधलेला होता, तसाच ठेवला. त्याला उगी उगी म्हणाली नाही.

रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "शेंगा सांडल्या."

"दिसतंय मला. उचल."

"तू नाय उचलत?"

"मी हरायला आलेय व्हय?"

एक शेंग त्याच्या पायाशीच होती. त्यानं डावा हात पुढं केला. सरूबाईनं त्यावर चापट मारली. मग उजवा आला. उघडा, लालसर, मध्ये खळगा पडलेला. एवढ्या उजेडात ती तो पहिल्यांदा बघत होती. तिचं काळीज तुटलं, पण तिनं नजर काढली नाही. शेंग निसटली. पुन्हा निसटली. तिची स्वतःचीही निसटत होती आणि ती तोंडानं तिला शिव्या घालत होती.

"मधी दाबू नको," ती म्हणाली. "चोच फरशीला टेकव. करंगळीनं नुसतं धर. जोर अंगठ्यानं दे."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"जिनं शिकून घेतलंय तिनं."

सहा-सात वेळा झालं. कपाळावर घाम आला त्याच्या. जखमेच्या कडेला कळ येत होती, तो ओठ चावत होता. सरूबाईला वाटत होतं, घ्यावी हिसकून आणि द्यावी सोलून. तिनं दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसून घेतलं. आठव्यांदा शेंग फुटली. सरळ नाही, चुरडून फुटली, एक दाणा ठेचला गेला. दुसरा धड राहिला. आकाश त्याच्याकडे बघत बसला. मग ठेचलेला आपल्या तोंडात टाकला आणि धड दाणा अंगठा-करंगळीत धरून आईपुढं केला.

सरूबाईनं तोंड उघडलं.

"खवट हाय," ती म्हणाली, आणि तो एक दाणा चावत कितीतरी वेळ बसली.

पाचला प्रेरणा आली. दारात चपला काढताना तिला मोरीपर्यंत पसरलेल्या शेंगा दिसल्या, टरफलं दिसली, वेडीवाकडी, चुरडलेली. सासूनं सोलून दाराबाहेर टाकलेली टरफलं ती ओळखत होती, ती अशी नसत. दोरीवर टॉवेल वाळत होता. आकाश खाटेवर भिंतीला टेकून बसला होता आणि हात मांडीवर उघडा होता. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, पुढंही आली नाही.

"आयतवारचं बघू," आकाश खिडकीकडे बघत म्हणाला. "येईन असं म्हणत नाय मी. बघू म्हणतोय."

प्रेरणानं नुसती मान हलवली. डोळे भरले होते, पण सासूपुढं रडायचं नाही हा तिचा नेम होता. सरूबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. ती आली, प्रेरणाचा उजवा हात धरला, करंगळीची पट्टी एका बाजूनं सोलून पाहिली, खालचं कातडं लालभडक झालं होतं. तिनं पट्टी परत चिकटवली, जरा जोरातच.

"आज भाकरी मी थापते. तुझ्या भाकरीला कडा नसत्यात," ती म्हणाली. मग पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि जे सांगायला दुपारी दोन रिक्षा केल्या होत्या ते नव्हे, दुसरंच सांगितलं.

"ऐक प्रेरणा. तू उद्धट हायेस. हट्टी हायेस. तोंड असून वापरत नाय, आन् नको तिथं कागदावर लिहितीस. मला न इचारता माझं नाव घातलंस, ते मी मरेपातूर इसरणार नाय. पण चिठ्ठी खोटी नव्हती. मी मधीच उठून आले, माझी प्रार्थना अर्धी राहिली. परवाला तीच परत टाक, माझ्याच नावानं. ह्या खेपेला मी शेवटपर्यंत बसंन."